सात नंबर म्हणजे किती?

गोल्फची नवी आयर्न घेताना दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : "हिची सात नंबर किती लांब जाते?" माझ्या मते हा प्रश्नच फसवा आहे. विचारायला हवे ते असे : "हिची सात नंबर किती अंशांची आहे? आणि तिच्या वरची-खालची स्टिक तिच्यापासून किती अंतरावर पडते?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून माणूस खूश होऊन घरी येतो. दुसऱ्याचे उत्तर मिळाले, तर त्याचे पैसे वाचतात आणि खेळही सुधारतो. या फरकावर कुणी मराठीत लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आता 'गोल्फ' हा शब्द वाचूनच काही नेहमीच्या वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल, याची मला कल्पना आहे. आपल्या गोव्यात गोल्फचे नाव काढले की चेंडूच्या आधी जमीन आठवते. तेरेखोलला गोल्फचा प्रकल्प येऊ घातला तेव्हा तिथले गावकरी आपल्या जमिनीसाठी उभे राहिले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यांचे म्हणणे रास्त होते आणि तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. आज बोलायचे आहे ते खेळाच्या साधनांबद्दल, आणि खरे सांगायचे तर आकड्यांबद्दल. आकडे हा कारकुनाचा विषय. त्यावर बोलायचा अधिकार मला वीस वर्षांच्या नोकरीने दिला आहे.

सरकारी कारकून आणि गोल्फ ही जोडी विजोड आहे, हेही मान्य. माझा या खेळाशी संबंध आला तो मामांमुळे. मामा बहारीनला नोकरीला होते. तिथे गवताचा पत्ता नसायचा. वाळूवर तेल शिंपडून ती घट्ट करायची आणि हिरव्या 'ग्रीन'ऐवजी तपकिरी 'ब्राऊन'वर खेळायचे, अशी आखाती देशांतली त्या काळची रीत. निवृत्त होऊन आले तेव्हा सामानात एक आयर्नचा संच होता. तो पुढे माझ्याकडे आला. बेळगाव-पुण्याकडे कामानिमित्त जाणे झाले आणि कुणाची ओळख निघाली, तर वर्षातून चार-सहा वेळा मी खेळतो. एवढ्या पुंजीवर मी स्वतःला खेळाडू म्हणवून घेणार नाही. पण वाचायची खोड आहे, आणि मोजून वहीत लिहायची सवय आहे.

ज्यांनी हा खेळ टीव्हीवर चॅनेल बदलतानाच पाहिला, त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळाडूच्या बॅगेत जास्तीत जास्त १४ स्टिक ठेवता येतात. त्यातल्या लोखंडी पात्याच्या त्या आयर्न. प्रत्येकीवर आकडा कोरलेला असतो. पाते उभ्या रेषेपासून जितके मागे कललेले, तितका तिचा लॉफ्ट, म्हणजे कल. हा कल अंशांत मोजतात. कल कमी असेल तर चेंडू खालून आणि लांब जातो, जास्त असेल तर उंच उडून जवळच पडतो. आकडा लहान तेवढी स्टिक लांब पल्ल्याची, आकडा मोठा तेवढी जवळच्या पल्ल्याची. त्यांच्या पुढे येतात वेज : आधी पिचिंग वेज, शेवटी वाळूतून चेंडू काढायची सँड वेज. दोन शेजारच्या स्टिकमधल्या पल्ल्याच्या फरकाला म्हणतात गॅप. आयर्नचा संच म्हणजे या गॅपची शिडी. शिडीच्या पायऱ्या सारख्या अंतरावर हव्यात, एवढे साधे तत्त्व आहे. एक पायरी दोन फुटांवर आणि पुढची चार इंचांवर असेल, तर शिडी कितीही उंच असो, माणूस पडणारच.

हे आकडे काही पहिल्यापासून नव्हते. जुन्या काळी लाकडी दांड्यांच्या स्टिकना स्कॉटिश नावे होती : क्लीक, मॅशी, मॅशी-निब्लिक, निब्लिक. पु.लं.ना वुडहाऊस किती प्रिय होता हे मराठी वाचकाला सांगायला नको, आणि वुडहाऊसच्या गोल्फकथा ज्यांनी वाचल्या त्यांना ही नावे ओळखीची असतील. मॅशी म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण पाच नंबर, निब्लिक म्हणजे नऊ. पण एका कारागिराची मॅशी दुसऱ्याच्या मॅशीसारखी असेलच असे नाही. आपल्याकडे पायली गावागणिक वेगळी असायची, तसाच प्रकार. पुढे १९२० नंतरच्या दशकात पोलादी शाफ्टला मान्यता मिळू लागली, आधी अमेरिकेत आणि १९२९ साली ब्रिटनमध्ये. एकसारख्या शाफ्टचे, क्रमाने लावलेले संच कारखान्यात तयार होऊ लागले आणि नावे जाऊन आकडे आले. हौशी मंडळी बॅगेत वीस-पंचवीस स्टिक कोंबू लागली, तेव्हा अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९३८ पासून १४ ची मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंटनेही ती स्वीकारली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नियमांत स्टिकची संख्या आहे, लांबीची मर्यादा आहे, पात्यावरच्या खाचा कशा असाव्यात हेसुद्धा आहे. पण 'सात नंबर म्हणजे अमुक अंश' असे कुठेही नाही. आकडा हे निव्वळ नाव आहे, आणि ते ठेवायचा हक्क कारखानदाराचा.

आता नुसते नाव वाढवून कसे चालते ते आम्हा कचेरीतल्या लोकांना पाठ आहे. पदनाम बदलते, दारावरची पाटी बदलते, टेबल तेच, फाइल तीच. गोल्फच्या धंद्यात नेमके हेच झाले. १९७० च्या दशकातल्या संचात सात नंबरचा कल साधारण ३८ ते ४० अंश असे आणि पिचिंग वेजचा ५० च्या आसपास. नव्वदीत सात नंबर ३५-३६ वर आली. आज? टायटलिस्टची ६२० एमबी ही जाणकारांसाठी बनवलेली पातळ पात्याची आयर्न घेतली तर सात नंबर ३५ अंशांची. त्याच कंपनीने जवळजवळ त्याच सुमारास हळू स्विंगवाल्यांसाठी काढलेल्या टी४०० ची सात नंबर २६ अंशांची. एकच कंपनी, एकच आकडा, आणि मध्ये ९ अंशांचा फरक, म्हणजे दोन स्टिकहून जास्त. टेलरमेडची लोकप्रिय पी७९० साडेतीस अंशांवर, तर २०२२ ची स्टेल्थ २८ वर. जुन्या संचात २८ अंश म्हणजे चार नंबर असायची. तेव्हा आजचा खेळाडू अभिमानाने सात नंबर म्हणून जी मारतो, ती मामांच्या पिढीची चार नंबर आहे. फक्त पाटी बदलली.

पण हे सगळे लबाडीचेच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. यामागे खरे शास्त्रही आहे. कार्स्टन सोल्हाइम नावाचा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम केलेला इंजिनियर होता. पिंग ही कंपनी त्याची. पात्याच्या मधले वजन काढून ते कडेला आणि खाली न्यावे, म्हणजे चेंडू मधोमध लागला नाही तरी फटका फारसा बिघडत नाही, ही कल्पना त्याने रुजवली. १९८२ ची पिंग आय-२ ही आयर्न त्यामुळेच गाजली. आता वजन खाली आणि मागे गेले की चेंडू आपोआप जास्त उंच उडतो. मग त्याच उंचीसाठी कल थोडा कमी केला तरी चालतो. पाते आतून पोकळ आणि समोरून पातळ केले तर चेंडूला वेगही जास्त मिळतो. म्हणजे २८ अंशांची आजची सात नंबर जुन्या चार नंबरपेक्षा कितीतरी सोपी आणि उंच उडणारी आहे, हे खरेच आहे. कंपन्यांचे म्हणणे एवढ्यापुरते योग्य आहे.

माझा आक्षेप त्याच्या पुढचा आहे. कल किती कमी केला हे गिऱ्हाइकाला कोण सांगतो?

पुण्यातल्या एका दुकानाचा अनुभव सांगतो. आत जाळीसमोर उभे राहून चेंडू मारायचा, यंत्र त्याचा वेग मोजते आणि पडद्यावर पल्ला दाखवते. मी आधी मामांची सात नंबर मारली : १३० यार्ड. मग विक्रेत्या मुलाने नवी चकचकीत सात नंबर हातात दिली : १४७. मुलगा आनंदाने म्हणाला, "बघा सर, सतरा यार्ड वाढले!" मी विचारले, "हिचा लॉफ्ट किती?" तो क्षणभर गोंधळला, मग मोबाइलवर शोधून म्हणाला, "अठ्ठावीस, सर." मामांची सात नंबर मी पूर्वीच मोजून घेतली होती, ती ३७ ची. म्हटले, "मग आता माझी चार नंबर मारून बघू." ती मारली. पडद्यावर आकडा आला १४९. मुलगा हसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही पहिलेच, असं विचारणारे." त्या मुलाचा काही दोष नाही. त्याला शिकवले तेच तो विकतो. पण लाखाच्या आसपास जाणारी वस्तू विकताना तिचे खरे माप सांगण्याची पद्धतच नसावी, हे मला विचित्र वाटते. किलोभर साखर घेताना आपण वजन विचारतो. इथे पिशवीवर '७' लिहिले आहे, एवढ्यावर समाधान मानायचे.

एखादा म्हणेल, काय बिघडले? नाव काहीही असो, चेंडू लांब गेला ना? बिघडते ते शिडीच्या दोन टोकांना.

आधी खालचे टोक घ्या. नव्या संचात पिचिंग वेज ४३ अंशांवर आली. पण सँड वेज आहे तिथेच राहिली, ५४ ते ५६ वर. कारण तिचे काम वाळूशी आहे, तिथे नावाची फसवणूक चालत नाही. जीन सॅराझेनने तळाला जाड पट्टी देऊन आधुनिक सँड वेज घडवली आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन तिच्या साथीने जिंकली, तेव्हापासून ती साधारण त्याच कलाची आहे. आता ४३ आणि ५६ यांच्यामध्ये १३ अंशांचे भगदाड पडले. माझ्यासारख्याच्या स्विंगला पिचिंग वेज जाते १०५ यार्ड आणि सँड वेज ७०. चेंडू ग्रीनपासून ९० यार्डांवर असला तर मारायचे कशाने? पिचिंग वेज अर्ध्या ताकदीने मारायची. आणि अर्धा फटका हा हौशी खेळाडूसाठी सर्वांत अवघड, कारण त्याला रोजचा सराव लागतो, जो आपल्याकडे नसतो. गंमत म्हणजे ग्रीनच्या जवळच्या या टापूत आपले फटके सर्वांत जास्त पडतात. म्हणून मग कंपनी एक नवी स्टिक देते, तिचे नावच 'गॅप वेज'. आधी भगदाड पाडायचे, मग ते बुजवायचे साधन विकायचे. या धंद्याला दाद द्यावी तेवढी थोडी.

आता वरचे टोक. अशा संचांत खालच्या स्टिकमध्ये पाच-सहा अंशांचे अंतर ठेवतात आणि वरच्या स्टिकमध्ये अडीच-तीन अंशांचे. सहा नंबर साडेचोवीस, पाच नंबर साडेएकवीस, चार नंबर १९, असे. ज्याचा स्विंग जोरदार त्याला तेवढ्या फरकातही दहा यार्ड मिळतात. मध्यम किंवा हळू स्विंगवाल्याला मात्र मिळत नाहीत. इतक्या कमी कलाच्या पात्यावरून चेंडू उंच उठवायला वेग लागतो. तो नसेल तर चेंडू खालूनच जातो आणि लवकर पडतो. मग सहा नंबर जाते १५२, पाच नंबर १५६ आणि चार नंबर पुन्हा १५३! तीन स्टिक, एकच पल्ला. बॅगेतल्या १४ जागांपैकी दोन जागा फुकट. माझ्या ओळखीच्या पन्नाशी ओलांडलेल्या चार-पाच जणांचे फटके मी त्यांच्यासोबत मोजले आहेत, प्रत्येकाकडे असे एक तरी जुळे सापडले.

मग घ्यावे काय आणि कसे? माझी पद्धत कारकुनी आहे, पण ती चालते.

पहिले काम, आहे त्या स्टिकचे माप काढा. प्रत्येकीने दहा चेंडू मारा. सर्वांत चांगले दोन आणि सर्वांत वाईट दोन सोडून द्या, उरलेल्या सहांची सरासरी वहीत लिहा. लिहायचा तो चेंडू जिथे पहिल्यांदा जमिनीला टेकतो तो पल्ला, घरंगळत जाऊन थांबतो तो नव्हे. पावसाळ्यात मैदान ओले असते तेव्हा तो घरंगळतच नाही, आणि वाटेत पाणी असेल तर पहिला टप्पाच महत्त्वाचा. सरावाच्या मैदानावरचे झिजलेले चेंडू कमी जातात, तेव्हा जमल्यास स्वतःचे वापरा. सगळ्या स्टिक एकाच ठिकाणी मोजा. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे. हवा विरळ होते तसा चेंडू हजार फुटांमागे साधारण एक टक्का जास्त जातो. काणकोणला १४० जाणारी स्टिक बेळगावला तीन-चार यार्ड पुढे गेली, तर ती तुमची प्रगती समजू नका.

दुसरे काम, शिडी खालून वर बांधा. लोक सात नंबर निवडतात आणि बाकीचा संच तिच्या मागून येतो. उलटे करा. सँड वेज पक्की धरा. तिथून चार-पाच अंशांनी वर चढत या. प्रत्येक पायरीत दहा ते बारा यार्डांचा फरक पडतो का ते पाहा. नव्या संचाची पिचिंग वेज ४३-४४ ची असेल, तर ४८-५० ची गॅप वेज लागणारच, हे आधीच हिशेबात धरा आणि तिची किंमतही संचाच्या किमतीत धरा. संच स्वस्त दिसतो तो ती न धरल्यामुळे.

तिसरे काम, वर जाताना ज्या पायरीला फरक आठ यार्डांच्या खाली आला, तिथे आयर्न थांबवा. मग ती सहा नंबर असो की सात. त्याच्या वर हायब्रिड घ्या किंवा सात नंबरचे वुड घ्या. चार नंबरची आयर्न बॅगेत असणे हा मानाचा प्रश्न करू नका. दुकानात पूर्ण संचच घ्या म्हणून आग्रह होतो. सुटी स्टिक मागायला लाजू नका.

चौथे काम, फक्त पल्ला न पाहता चेंडू किती उंच गेला आणि कोणत्या कोनाने खाली आला हेही पडद्यावर पाहा. ग्रीनवर चेंडू थांबायला हवा असेल तर तो वरून खाली यायला हवा, साधारण ४५ अंशांच्या आसपास. १४७ यार्ड जाऊन ग्रीनच्या पलीकडे उतारावर घसरणारा फटका आणि १३० यार्डांवर उतरून तिथेच थांबणारा फटका, यांतला मला दुसरा हवा. कंपनीचा दावा खरा आहे की नाही हे इथेच कळते. नवी सात नंबर जुन्या सातइतकीच उंच जाऊन थांबत असेल, तर पैसे सार्थकी लागले. तशी नसेल, तर तुम्ही चार नंबरच विकत घेतली आहे.

आणि शेवटचे, नवे घेण्यापूर्वी जुन्याची डागडुजी होते का ते पाहा. फोर्ज केलेल्या मऊ पोलादाच्या आयर्नचा कल यंत्रावर एक-दोन अंश इकडे-तिकडे वाकवून घेता येतो. वर्षानुवर्षे आपटून तो मुळात बदललेलाही असतो. कल एक अंश कमी केला की तळाचा फुगवटाही एक अंशाने कमी होतो आणि पाते मातीत रुतू लागते, एवढे ध्यानात ठेवा. साच्यात ओतलेल्या आणि पोकळ पात्यांच्या बाबतीत मात्र कारागिराला आधी विचारा, त्यातल्या सगळ्याच वाकत नाहीत.

लांब मारणे म्हणजेच चांगले मारणे, हा समज किती पोकळ आहे ते आपल्या बंगळूरच्या अदिती अशोकने दाखवून दिले. टोकियो ऑलिंपिक २०२१ साली झाले. त्यात ती चौथी आली, एका फटक्याने पदक हुकले. त्या मैदानातल्या सर्वांत कमी लांब मारणाऱ्यांपैकी ती एक होती. इतर जणी छोट्या आयर्न काढत, तिथे तिला अनेकदा हायब्रिड किंवा वुड काढावे लागे. पण आपली कोणती स्टिक किती जाते हे तिला पक्के ठाऊक होते, आणि ग्रीनवरचा हात सोन्याचा होता. त्या पहाटे ज्यांना गोल्फमधले ओ का ठो कळत नव्हते असे लोकही टीव्हीसमोर बसले होते. कुणी विचारले नाही की तिची सात नंबर किती जाते.

आता शेवटच्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो येणारच. "गोल्फ खेळणारे पैसेवाले. त्यांचे चार पैसे गेले तर आपल्याला काय?" पैसेवाल्यांची चिंता मलाही नाही. ते दरवर्षी संच बदलतील. पण या देशात गोल्फ शिकले ते केवळ सभासद नव्हेत. अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. त्याने १९९१ आणि १९९३ साली इंडियन ओपन जिंकली. बंगळूरचा चिन्नस्वामी मुनियप्पा, तोही कॅडीच. त्याने २००९ साली ती जिंकली. दुसऱ्याची बॅग खांद्यावर वाहणारी अशी मुले आजही मैदानोमैदानी आहेत. त्यांच्या हाती पूर्ण संच कधी येत नाही. एका साहेबाने टाकलेली सहा नंबर, दुसऱ्याने दिलेली आठ, तिसऱ्याची पिचिंग वेज, असा गोळा केलेला संसार असतो. पूर्वी तो कसाबसा जुळायचा, कारण सगळ्यांची आठ नंबर दोन-तीन अंशांच्या फरकाने सारखी असे. आता एका कंपनीची आठ आणि दुसरीची सहा एकाच कलाची निघू शकते. त्या मुलाला वाटते आपलाच हात चुकतो आहे. आकड्यावर विश्वास ठेवायचा सगळ्यांत मोठा भुर्दंड त्याला बसतो, आणि दुकानातले यंत्र त्याच्यासाठी नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक आयर्नच्या तळाला आकड्याशेजारी अंश कोरावेत. '७' च्या शेजारी '२८' किंवा '३५'. हे अशक्य नाही, खर्चिक तर मुळीच नाही. सुट्या विकल्या जाणाऱ्या वेजवर ५२, ५६, ६० असे अंश कोरलेले असतातच, आणि खेळाडू त्यांना त्याच नावाने हाक मारतात. जिथे अंश सांगून माल खपतो तिथे अंश, जिथे लपवून खपतो तिथे नंबर, हे बरे नव्हे. नियम करणाऱ्या संस्था खाचेची रुंदी मोजतात, त्यांना एवढे सांगणे जड जाऊ नये. कल कमी करायला माझी हरकत नाही. तो खुशाल २० करा. फक्त लिहा.

तोवर काय करायचे? मावसभाऊ दोहाला असतो. त्याने परवा फोन करून विचारले, "दादा, इथे सेल लागलाय, तुला नवा संच पाठवू काय?" मी म्हटले, "पाठव, पण आधी मला एक कागद पाठव. सगळ्या स्टिकचे अंश एकाखाली एक लिही, अगदी सँड वेजपर्यंत. दोन ओळींमधली वजाबाकी मी करतो." तो कागद अजून आलेला नाही. दुकानदार शोधतोय म्हणे.

असो. ज्यांच्या घरी माळ्यावर मामा-काकांचा असा एखादा आखातातून आलेला संच पडून असेल, त्यांनी तो भंगारात देण्याआधी एकदा पुसून, मोजून पाहावा. पायऱ्या सारख्या असतील तर त्या शिडीला अजून पुष्कळ आयुष्य आहे.